‘अजून वेळ झालेली नाही’ : राष्ट्राध्यक्षाला कोर्टात खेचणाऱ्या वकिलाची गोष्ट

१४ मार्च २००३. जुम्याचा दिवस होता. आमच्या चिपळूणच्या मशिदीत नमाजनंतर इमामसाहेबांनी इराकसाठी दुआ मागितली. ती नेहमीपेक्षा बरीच लांबली. मागच्या सफांमधून हुंदके ऐकू येत होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष इराकपेक्षा कुवेतकडं होतं. माझे मामू तिथं एका लाँड्रीत कामाला होते. युद्ध सुरू झालं की सद्दामची क्षेपणास्त्रं पहिल्यांदा कुवेतवर पडणार, असं सगळे म्हणत होते. फोनवर मामूंनी सांगितलं होतं की, खोलीच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून झाल्यात. विषारी वायू आत येऊ नये म्हणून. अम्मीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं.

नमाजनंतर बाजारपेठेतून मोर्चा निघाला. ‘बुश मुर्दाबाद’च्या घोषणा झाल्या, पुतळा जाळला गेला. मीही घोषणा दिल्या. आमच्या लेखी अमेरिका एकजिनसी होती. बुश म्हणजेच अमेरिका, आणि अमेरिका म्हणजे मुसलमानांची दुश्मन. उर्दू अखबारात रोज तेच येत होतं आणि मराठी चॅनेलवर तर युद्धाची क्रिकेटसारखी कॉमेंटरी चालली होती.

त्याच्या आदल्याच दिवशी, १३ मार्चला, बोस्टनच्या अपील न्यायालयानं एक निकाल दिला होता. खटल्याचं नाव ‘डो विरुद्ध बुश’. मागणी साधी होती : राष्ट्राध्यक्षांना इराकवर हल्ला करण्यापासून रोखा, कारण युद्ध सुरू करण्याचा अधिकार राज्यघटनेनं त्यांना दिलेलाच नाही. वादी कोण? अमेरिकी लष्करातले सेवेत असलेले काही सैनिक, सैनिकांचे आई-बाप आणि तिथल्या संसदेचे काही सदस्य. मला याचा पत्ताच नव्हता. आमच्या मोर्चातल्या एकालाही नसावा.

दोन-तीन वर्षांनी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गाडीवर ‘वॉरियर-किंग’ नावाचं एक छोटेखानी इंग्रजी पुस्तक मिळालं. लेखक जॉन बोनिफाझ. बुशवर महाभियोग का चालवला पाहिजे, हे सांगणारं पुस्तक आणि लेखक स्वतः त्या खटल्यातला वकील. मी उभ्या उभ्याच पंचवीस पानं वाचली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. आज तो तुमच्यासमोर मांडतो आहे.

बोनिफाझ हे हार्वर्डमधून कायदा शिकलेले. त्यांची ख्याती युद्धाच्या नव्हे, तर मतदानाच्या हक्कासाठी लढणारा वकील अशी. निवडणुकीतला पैशाचा खेळ हा गरिबाच्या मताधिकारावरचा घाला आहे, या मुद्द्यावर ते न्यायालयांत भांडत असत. त्या कामासाठी त्यांना मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली होती. असा माणूस युद्धाच्या प्रश्नाकडं वळतो, तेव्हा त्याचा पहिला सवालही मताधिकाराच्याच जातीचा असतो. तुमच्या मुलाला मरायला कोण पाठवू शकतं? एक माणूस की लोकांनी निवडून दिलेली सभा?

उत्तरासाठी ते १७८७ सालात जातात. फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. मसुद्यात म्हटलं होतं की युद्ध ‘करण्याचा’ अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला राहील. १७ ऑगस्टला यावर चर्चा झाली. साउथ कॅरोलायनाचे पिअर्स बटलर म्हणाले, हा अधिकार राष्ट्राध्यक्षालाच देऊन टाका. त्यावर मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी उसळले. प्रजासत्ताकात युद्धाचा अधिकार एकट्या कार्यकारी प्रमुखाच्या हाती देण्याची सूचना आपल्याला ऐकावी लागेल, असं कधी वाटलं नव्हतं, असं ते म्हणाले. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांचं म्हणणं होतं, त्या माणसावर एवढा भरवसा ठेवता येणार नाही.

मग मॅडिसन आणि गेरी यांनी एक शब्द बदलला. ‘युद्ध करणे’च्या जागी ‘युद्ध जाहीर करणे’ आलं. का? तर अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्षाला संसदेची वाट पाहावी लागू नये म्हणून. दारात आलेला चोर हाकलायला पंचायत बोलवावी लागत नाही. पण दुसऱ्याच्या घरात शिरायचं असेल, तर मात्र पंचायत बसलीच पाहिजे. ही मंडळी इंग्लंडच्या राजाच्या हाताखालून नुकतीच सुटली होती. राजाच्या मनात आलं की लढाई आणि रयतेच्या बोकांडी कर, हे त्यांनी सोसलेलं होतं. (हीच मंडळी गुलाम बाळगत होती आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर लढाया लादत होती, हेही विसरायला नको. त्यांना देवदूत करायची गरज नाही.)

सरकारी बाजूकडंही युक्तिवाद होता, तो सांगितला पाहिजे. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षाला सैन्यदलांचा सरसेनापती म्हटलं आहे. बुशच्या न्याय खात्यातले जॉन यू यांच्यासारखे कायदेपंडित म्हणत की, ‘जाहीर करणं’ हा केवळ कायदेशीर उपचार आहे. संसदेला युद्ध नको असेल तर तिनं पैसा रोखावा. हेच यू पुढं कैद्यांच्या छळाला कायद्याची झूल चढवणाऱ्या टिपणांमुळं गाजले. पण त्यांचं म्हणणं निव्वळ हवेतलं नव्हतं. १९५० साली ट्रुमन यांनी कोरियात फौजा पाठवल्या, त्या संसदेच्या घोषणेशिवाय. अमेरिकेनं शेवटचं रीतसर युद्ध जाहीर केलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, आखात, कोसोव्हो, अफगाणिस्तान एवढं सगळं झालं, रीतसर घोषणा एकदाही नाही. जे इतकी वर्षं चालत आलं तोच कायदा झाला, असं म्हणणाऱ्यांची तिथंही कमी नाही.

मग न्यायालयं काय करत होती?

सुरुवातीच्या काळात ती बोलत होती. फ्रान्सबरोबरच्या अघोषित सागरी लढाईत कॅप्टन लिटल नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावरून एक जहाज पकडलं. १८०४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, संसदेनं फ्रान्सच्या बंदरांकडं ‘जाणारी’ जहाजं पकडायला परवानगी दिली होती, हे तर तिथून ‘येणारं’ होतं. राष्ट्राध्यक्षाचा हुकूम असला तरी कृत्य बेकायदा आणि नुकसानभरपाई कॅप्टनवर. एवढ्या बारीक फरकावरून न्यायालयानं राष्ट्राध्यक्षाचा हुकूम रद्दबातल ठरवला होता. व्हिएतनामपर्यंत येता येता हा आवाज बसला. मॅसॅच्युसेट्स राज्यानं तर १९७० मध्ये कायदाच केला की, जाहीर न झालेल्या युद्धात आमच्या राज्यातल्या माणसाला लढायला भाग पाडता येणार नाही, आणि केंद्र सरकारवर खटला भरला. सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायलाही नकार दिला.

इथं १९७३ च्या एका प्रकरणापाशी मला थांबायचं आहे. माझा एक डाव्या चळवळीतला मित्र नेहमी म्हणतो, “बॉम्ब घटनात्मक होता की घटनाबाह्य, यानं मरणाऱ्याला काय फरक पडतो?” सवाल बिनतोड वाटतो. मलाही तो बरेच दिवस निरुत्तर करत असे. हे प्रकरण वाचेपर्यंत.

व्हिएतनामचा शांतता करार जानेवारी १९७३ मध्ये झाला होता, अमेरिकी फौजा परत आल्या होत्या. तरी निक्सन सरकार शेजारच्या कंबोडियावर बॉम्बफेक करतच होतं. संसदेनं ती तातडीनं बंद करण्याचं विधेयक केलं, निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. शेवटी तडजोड झाली : १५ ऑगस्टनंतर एक पैसाही मिळणार नाही. मग १५ ऑगस्टपर्यंत पडणाऱ्या बॉम्बचं काय? ब्रुकलिनहून निवडून आलेल्या एलिझाबेथ होल्ट्झमन या ३१ वर्षांच्या खासदार बाई आणि हवाई दलाचे काही अधिकारी कोर्टात गेले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनचे बर्ट न्यूबोर्न आणि त्यांचे सहकारी वकील होते. २५ जुलैला न्यायाधीश ऑरिन जड यांनी बॉम्बफेक घटनाबाह्य ठरवून मनाई हुकूम दिला. हे अघटितच होतं. पण अपील न्यायालयानं लगेच त्याला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांच्याकडं अर्ज गेला. काळ्यांच्या हक्कांसाठी हयात घालवलेला हा माणूस. बॉम्बफेक बेकायदा असू शकते हे त्यांनीही मान्य केलं, पण एकट्या न्यायमूर्तीनं एवढा मोठा निर्णय घेऊ नये, म्हणून १ ऑगस्टला अर्ज नाकारला.

उरले न्यायमूर्ती विल्यम डग्लस. ते सुट्टीला वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरात, गूज प्रेअरी नावाच्या वाडीवर होते. घरात फोनही नव्हता. वकील अर्ज घेऊन देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. डग्लस यांनी जवळच्या याकिमा गावात सुनावणी ठेवली आणि ४ ऑगस्टला स्थगिती उठवली. त्यांचं कारण वाचताना मी थबकलो. ते म्हणाले, हे प्रकरण मी फाशीच्या अर्जासारखं बघतो. फाशीच्या कैद्याचा अर्ज आला तर न्यायाधीश आधी फाशी थांबवतो आणि मग कायद्याचा खल करतो. इथंही कुणीतरी मरणार आहे, मग तो कंबोडियाचा शेतकरी असेल किंवा अमेरिकी वैमानिक. फरक एवढाच की त्याचं नाव आपल्याला माहीत नाही.

डग्लस यांचा हुकूम काही तासच टिकला. त्याच दिवशी मार्शल यांनी इतर न्यायमूर्तींशी फोनवर बोलून तो फिरवला. बॉम्बफेक थांबलीच नाही.

६ ऑगस्टला एका बी-५२ विमानानं चुकून मेकाँगकाठच्या नेआक लुआंग या गावावर बॉम्ब टाकले. ते गाव अमेरिकेच्याच दोस्त सरकारच्या ताब्यात होतं. १३७ माणसं मेली, २६८ जखमी झाली. चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ७०० डॉलर दंड झाला. ८ ऑगस्टला अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतांनी जड यांचा निकाल रद्द केला आणि १५ ऑगस्टला, ठरल्या दिवशी, बॉम्बफेक बंद झाली.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. मनाई हुकूम पाळला गेला असता, तर त्या १३७ जणांपुरता फरक पडला असता.

आता पुन्हा आखाताकडं येऊ. १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दामनं कुवेत गिळलं, तेव्हाही मामू तिथंच होते. बसनं बगदादमार्गे जॉर्डनची सरहद्द, तिथं तंबूत काही दिवस आणि मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. त्या काळात सुमारे पावणेदोन लाख भारतीय असे परत आणले गेले. कोकणातल्या आमच्यासारख्या घराघरात ती आठवण आहे. मामू घरी आले ते एका प्लास्टिकच्या पिशवीसह.

तिकडं बुश थोरले सौदीच्या वाळवंटात लाखोंची फौज जमवत होते आणि आपल्याला संसदेच्या परवानगीची गरज नाही, असं सांगत होते. रॉन डेलम्स यांच्यासह ५४ संसद सदस्य कोर्टात गेले. न्यायाधीश हॅरॉल्ड ग्रीन यांच्यापुढं सुनावणी झाली. हे ग्रीन मूळचे फ्रँकफर्टचे ज्यू, पोरवयात नाझींपासून जीव वाचवून पळालेले. सरकारी वकिलांचं म्हणणं, हे युद्ध आहे की निव्वळ ‘लष्करी कारवाई’, हे राष्ट्राध्यक्षच ठरवणार. १३ डिसेंबर १९९० च्या निकालात ग्रीन यांनी ते साफ झिडकारलं. तसं मानलं तर शब्दांच्या खेळानं घटनेतलं ते कलमच पुसलं जाईल, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. पण मनाई हुकूम? तो दिला नाही. कारण संसदेच्या बहुमतानं अजून काहीच भूमिका घेतलेली नाही, म्हणून प्रकरण ‘पक्व’ झालेलं नाही.

हा ‘पक्व’ शब्द लक्षात ठेवा. इंग्रजीत ते त्याला ‘रायपनेस’ म्हणतात, अगदी आंबा पिकतो त्या अर्थानं. भांडण पुरतं पिकल्याशिवाय न्यायालय त्याला हात लावत नाही.

ग्रीन यांच्या निकालाचा उपयोग मात्र झाला, असं मला वाटतं. महिन्याभरात बुश थोरल्यांनी संसदेकडं ठराव मागितला. १२ जानेवारी १९९१ ला तो मंजूर झाला. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७, म्हणजे अगदी काठावर. न्यायालयात हरलेल्या खटल्यानं राष्ट्राध्यक्षाला संसदेच्या दारात आणून उभं केलं होतं. युद्ध झालंच, पण खरी चर्चा होऊन झालं.

बारा वर्षांनी धाकट्या बुशनं तेही बरंच सोपं करून घेतलं. २००२ च्या ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसचे वकील सांगत होते की, १९९१ चा ठराव अजून जिवंत आहे, नव्याची गरज नाही. नंतर राजकारण म्हणून ठराव आणला गेला. निवडणुका तोंडावर, ११ सप्टेंबरची जखम ओली. प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी तो मंजूर झाला. १६ ऑक्टोबरला बुश यांची सही झाली. या ठरावात ‘आम्ही इराकशी युद्ध जाहीर करतो’ असं कुठंच नव्हतं. राष्ट्राध्यक्षांना आवश्यक आणि योग्य वाटेल तसं सैन्य वापरण्याची मुभा होती. म्हणजे युद्ध करायचं की नाही, हे संसदेनं ठरवलंच नाही. ठरवण्याचं काम तिनं दुसऱ्याकडं दिलं.

बोनिफाझ यांचा घाव नेमका इथं होता. त्यांचं म्हणणं, युद्धाचा अधिकार संसदेची खासगी मालमत्ता नाही की ती कुणालाही बक्षीसपत्र करून देईल. घटनेनं ती जबाबदारी तिच्यावर टाकली आहे, ती झटकता येत नाही. १९६४ चा टॉन्किनचा ठराव असाच होता. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्या कोऱ्या चेकवर व्हिएतनाम उभं राहिलं. तेव्हा ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी एक होते वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड. (हे गृहस्थ तरुणपणी कू क्लक्स क्लॅनमध्ये होते, आयुष्यभर त्याची माफी मागत राहिले.) १२ फेब्रुवारी २००३ ला हेच बर्ड सिनेटमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, युद्ध उंबऱ्यावर आहे आणि हे सभागृह भयाण गप्प आहे. दुसऱ्याच दिवशी बोनिफाझ यांनी बोस्टनच्या न्यायालयात दावा दाखल केला.

सैनिकांची नावं गुप्त होती, म्हणून ‘जॉन डो’. आपल्याकडं ‘अमुक तमुक’ म्हणावं तसं. सेवेत असताना आपल्याच सरसेनापतीवर खटला भरायचा, तर नाव उघड करणं सोपं नव्हतं. पालकांनी मात्र उघडपणे नावं दिली. त्यांची मुलं आखाताकडं निघाली होती किंवा निघण्याच्या बेतात होती. संसद सदस्यांत डेट्रॉइटचे जॉन कॉनियर्स होते, डेनिस कुसिनिच होते. २४ फेब्रुवारीला न्यायाधीश जोसेफ टॉरो यांनी सुनावणी घेतली आणि त्याच दिवशी दावा फेटाळला : हा राजकीय प्रश्न आहे, न्यायालयाचा नव्हे. बोनिफाझ अपिलात गेले. सुनावणी तातडीनं झाली, हे त्या न्यायालयाच्या बाजूनं सांगायला हवं.

१३ मार्चचा निकाल न्यायाधीश सँड्रा लिंच यांनी लिहिला. त्यात त्यांनी वादींच्या म्हणण्याचे दोन भाग केले. एक ‘टक्कर’ : संसदेची इच्छा एक आणि राष्ट्राध्यक्ष वागतोय दुसरंच. दुसरा ‘संगनमत’ : दोघांनी मिळून घटनेतली वाटणीच मोडली. टक्करीबद्दल न्यायालय म्हणालं, राष्ट्राध्यक्ष अजून संयुक्त राष्ट्रांत बोलणी करत आहेत. युद्ध होईलच असं नाही, झालं तर कोणत्या परिस्थितीत होईल हेही माहीत नाही. सगळं जर-तरवर उभं आहे. म्हणून प्रकरण पक्व नाही. संगनमताबद्दल म्हणालं, संसदेनं सगळा अधिकार देऊन टाकला आहे असं स्पष्ट दिसत नाही. खटला संपला.

त्या निकालानंतर सातव्या दिवशी, २० मार्चला, आपल्याकडं सकाळचे आठ वाजत होते, तेव्हा बगदादवर पहिली क्षेपणास्त्रं पडली. अब्बांनी टीव्ही लावला आणि अम्मीनं तसबीह हातात घेतली. दुपारनंतर कुवेतवरही क्षेपणास्त्रं आल्याची बातमी आली. लाइन लागत नव्हती. रात्री उशिरा मामूंचा आवाज आला, “फिक्र मत करो, सब ठीक है.” अम्मी रिसीव्हर धरून नुसती रडत होती.

युद्धाआधी गेलं तर ‘अजून वेळ झालेली नाही.’ आणि नंतर गेलं तर? १९९९ च्या कोसोव्हो युद्धात टॉम कॅम्पबेल आणि इतर खासदार बॉम्बफेक चालू असतानाच कोर्टात गेले होते. संसदेनं युद्ध जाहीर करण्याचा प्रस्ताव फेटाळला होता, तरी बॉम्ब पडत होते. न्यायालय म्हणालं, तुम्हाला दावा करण्याचा अधिकारच नाही. तोवर ७८ दिवसांची बॉम्बफेक संपलीही होती. हे दार नेमकं कधी उघडं असतं, हे मला इतके निकाल वाचूनही कळलेलं नाही.

तरीही मी सगळा दोष न्यायाधीशांवर टाकणार नाही आणि इथं बोनिफाझ यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. त्यांच्या पुस्तकाचं नाव वाचलं की डोळ्यांसमोर एकटा राजा येतो. पण या राजानं मुकुट हिसकावला नव्हता, त्याला तो मोजून मतं देऊन घातला गेला. २९६ आणि ७७ लोकांनी. त्यांतल्या बहुतेकांना युद्धाचं श्रेय-अपश्रेय दोन्ही नको होतं. जिंकलो तर आम्ही मत दिलं होतं, फसलो तर निर्णय त्यांचा होता. न्यायाधीश लिंच यांनी ‘संगनमत’ हा शब्द वादींचा युक्तिवाद सांगायला वापरला, आणि मला तर तोच त्या काळाचा सगळ्यात अचूक इतिहास वाटतो. महाविनाशक शस्त्रं सापडली नाहीत. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक मेले. इराकी नागरिकांच्या मृत्यूंची जी नोंद होऊ शकली, तीच लाखाच्या पुढं गेली. २००५ च्या जूनमध्ये कॉनियर्स यांनी युद्धाच्या खोटेपणावर सुनावणी घ्यायचं ठरवलं, तेव्हा बहुमतवाल्यांनी त्यांना नेहमीचं दालन दिलं नाही. संसदभवनाच्या तळघरातल्या एका अडचणीच्या खोलीत ती झाली. बोनिफाझ तिथंही साक्ष द्यायला हजर होते. इराकमध्ये मुलगा गमावलेली सिंडी शीहान ही आईही होती.

आपल्याकडं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या घटनेत ‘युद्ध आणि शांतता’ हा केंद्राच्या यादीतला पंधराव्या क्रमांकाचा विषय आहे. पण युद्धापूर्वी संसदेत मतदान झालंच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा. म्हणजे बोनिफाझ यांनी मांडला तसा दावा आपल्याकडं उभाच राहू शकत नाही. मात्र त्याच २००३ च्या एप्रिलमध्ये आपल्या संसदेनं इराकवरच्या हल्ल्याची ‘निंदा’ करणारा ठराव केला. इंग्रजीत कोणता शब्द वापरायचा यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी हिंदी ‘निंदा’वर सगळ्यांचं जमलं. पुढं अमेरिकेनं इराकसाठी भारतीय फौज मागितली, ती वाजपेयी सरकारनं १४ जुलैला नाकारली. आमच्या मोर्चांपेक्षा त्या ठरावाचा त्यात वाटा जास्त असावा.

ऑक्टोबर २००२ चा तो ठराव सद्दामला फाशी झाल्यावरही जगला. जानेवारी २०२० मध्ये इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना बगदाद विमानतळाजवळ मारलं गेलं, तेव्हा ट्रम्प सरकारनं कायद्याचा आधार म्हणून त्याचाच हवाला दिला. त्यावर हात वर करणाऱ्यांच्या मनात २००२ साली सुलेमानी असणं शक्यच नव्हतं.

मामू आता चिपळूणलाच असतात. २००३ नंतर त्यांच्या लाँड्रीला अमेरिकी छावणीचं काम मिळालं होतं, गणवेश धुण्याचं. छातीवर नावाची पट्टी शिवलेले हजारो शर्ट त्यांच्या हाताखालून गेले. २०१६ मध्ये त्याच कुवेतमधल्या कॅम्प आरिफजानला नेमणुकीवर असलेल्या नॅथन स्मिथ या अमेरिकी कॅप्टननं ओबामांवर खटला भरला. इसिसविरुद्धचं युद्ध त्याला मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच की, मी घटनेची शपथ घेतली आहे आणि या युद्धाला संसदेची मंजुरी नाही. यानं ‘जॉन डो’ म्हणून नाही, स्वतःच्या नावानं दावा केला. आधी न्यायालय म्हणालं, तुला अधिकार नाही. २०१८ मध्ये अपिलाचा निकाल लागला तेव्हा सांगितलं गेलं की, आता याला अर्थ उरला नाही.

मी ही हकिकत मामूंना सांगितली. त्यांनी नाव परत विचारलं. मग म्हणाले, स्मिथ नावाचे शर्ट पुष्कळ यायचे.